मांडुळाची किंमत : दुर्मिळ व महागड्या सापांच्या बाजारभावाची कारणमीमांसा (विशेष संदर्भ : बुलढाणा जिल्हा)

प्रस्तावना

वस्तूची किंमत तिची उपयुक्तता, तिची दुर्मिळता आणि तिच्यासाठी पैसे मोजण्यास तयार असलेल्या ग्राहकांची संख्या यांवरून ठरते, असे अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात सांगितलेले असते. सापांच्या बाजारात मात्र असा एक प्राणी आढळतो, की ज्याला यांपैकी एकही कसोटी नीट लागू पडत नाही. महाराष्ट्रात मांडूळ या नावाने ओळखला जाणारा हा साप विषारी नाही, दिसावयास आकर्षक नाही, त्याचे कातडे वा मांस विकले जात नाही. आणि कोरडवाहू शेती करणाऱ्या माणसाला तो अगदीच अपरिचितही नाही. तरीही त्याची किंमत काही लाखांपासून काही कोटींपर्यंत सांगितली जाते. ती ऐकून शेतमजुरापासून नोकरदारापर्यंत अनेकजण या व्यवहारात उतरतात; काहींचे पैसे बुडतात, काहींना कोठडी पाहावी लागते आणि साप बहुधा पोत्यात वा प्लास्टिकच्या डब्यात दिवस काढतो.

ही किंमत कशी निर्माण होते आणि ती खोटी ठरत असूनही कोसळत का नाही, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी पाळीव सापांच्या पाश्चात्त्य बाजाराशी तिची तुलना केली असून, बुलढाणा जिल्ह्याची भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी विशेषत्वाने ध्यानात घेतली आहे.

मांडूळ : ओळख आणि अधिवास

मांडुळाचे शास्त्रीय नाव एरिक्स जॉनी असे आहे. पॅट्रिक रसेल या निसर्गअभ्यासकाने १८०१ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. नावातील ‘जॉनी’ हा शब्द तंजावरच्या किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथे राहिलेल्या क्रिस्टोफ सॅम्युएल जॉन या मिशनऱ्याच्या स्मरणार्थ आहे. भारताखेरीज पाकिस्तान, अफगाणिस्तान व इराणच्या काही भागांतही हा साप आढळतो. महाराष्ट्रात त्याचा जवळचा नातलग म्हणजे डुरक्या घोणस होय. अंगावरील गडद ठिपक्यांमुळे तो पुष्कळदा घोणस समजून मारला जातो. मांडुळाच्या वाट्याला ते दुर्दैव कमी येते, दुसरे अधिक येते.

मांडुळाचे शरीर जाड, एकसारखे गोल आणि लालसर तपकिरी ते काळपट रंगाचे असते. मान वेगळी ओळखू येत नाही, डोळे बारीक असतात आणि शेपूट निमुळती न होता बोथट संपते. संकटाच्या वेळी तो डोके शरीराच्या वेटोळ्याखाली लपवतो आणि शेपटीचे टोक वर धरतो. शत्रूचा पहिला वार शेपटीवर जावा, ही त्यामागील निसर्गाची योजना. अनेक मांडुळांच्या शेपटीवर जुन्या जखमांचे व्रण दिसतात ते यामुळेच. या रचनेतून ‘दोन तोंडांचा साप’ ही कल्पना जन्मास आली. सहा महिने तो एका तोंडाने चालतो आणि सहा महिने दुसऱ्या तोंडाने, ही समजूत आजही ग्रामीण भागात ऐकावयास मिळते. पूर्वी काही गारुडी शेपटीवर डोळ्यांच्या व तोंडाच्या खुणा उमटवून हा भ्रम पक्का करीत असत.

हा साप अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देतो. एका वेळी साधारणपणे अर्धा ते एक डझन पिल्ले होतात. पिल्ले प्रौढ होण्यास काही वर्षे लागतात आणि मादी दरवर्षी वितेच असे नाही. ज्या प्राण्याची वाढ इतकी संथ, त्याच्या प्रौढ माद्या शेतातून सातत्याने उचलल्या गेल्या तर त्या भागातील संख्या पुन्हा भरून येण्यास फार काळ लागतो, हे सांगण्यासाठी जीवशास्त्रज्ञाची गरज नाही.

बुलढाणा जिल्ह्यात मांडुळास अनुकूल अशी भूमी पुष्कळ आहे. उत्तरेस सातपुड्याचा पायथा व अंबाबरवा अभयारण्य, मध्यभागी अजिंठ्याच्या डोंगररांगा व ज्ञानगंगा अभयारण्य, दक्षिणेस लोणारचे विवर आणि पैनगंगा-खडकपूर्णेचे खोरे. यांच्या दरम्यान बांध, पडीक जमिनी, नदीकाठची भुसभुशीत माती आणि उंदरांची बिळे. मांडुळाला एवढेच लागते. तो दिवसा मातीत वा बिळात असतो, रात्री उंदीर-घुशी शोधत फिरतो. सोयाबीन, हरभरा व मका साठवणाऱ्या शेतकऱ्यासाठी असा प्राणी बांधावर असणे म्हणजे फुकटचा राखणदार असणे होय. ही त्याची खरी किंमत. मात्र ती कोणी मोजत नाही.

जेथे किंमत जनुकांवरून ठरते

महागडे साप हा केवळ आपल्याकडील प्रकार नाही. अमेरिका व युरोपमध्ये साप पाळण्याचा छंद मोठ्या प्रमाणावर आहे आणि त्यातील सर्वाधिक उलाढाल बॉल पायथन या आफ्रिकी अजगरात होते. पश्चिम आफ्रिकेतील घाना, टोगो व बेनिन या देशांतून हे लहान चणीचे अजगर निर्यात होत आले. साध्या रंगाच्या अजगराला किंमत थोडीच. परंतु त्यांत क्वचित एखादा पांढरा-पिवळा, एखादा पांढऱ्या डागांचा निघे. अशा रंगभेदांना छंदवर्तुळात ‘मॉर्फ’ म्हणतात.

१९९२ मध्ये अमेरिकेत रंगहीन म्हणजे अल्बिनो बॉल पायथनची पैदास प्रथम यशस्वी झाली आणि त्या पिल्लांना प्रत्येकी सुमारे ७,५०० डॉलर किंमत मिळाली. ही किंमत ज्यावरून ठरली ते कारण स्पष्ट आहे. अल्बिनोपणा हा अप्रभावी जनुकाचा परिणाम असतो. आई आणि वडील अशा दोघांकडून तो आला तरच पिल्लात प्रकट होतो. ज्याच्याजवळ पहिली जोडी, त्याच्याजवळ त्या रंगाची मक्तेदारी. विकत घेणाराही केवळ छंदासाठी पैसे मोजत नव्हता. आपण पिल्ले काढून विकू, हा त्याचा हिशेब होता. म्हणजे साप हे एकाच वेळी शोभेची वस्तू आणि उत्पादनाचे साधन होते.

आणि तेथेच त्या किमतीच्या घसरणीचे बीज होते. पिल्लांना पिल्ले झाली, जनुक शेकडो घरांत पोचला, आणि आज तोच अल्बिनो अजगर काहीशे डॉलरांत किंवा त्याहूनही कमी किमतीत मिळतो. उत्पादकांनी मग दोन-तीन रंगभेदांचे संकर करून नवनवीन मॉर्फ बाजारात आणले. प्रत्येकाची किंमत आधी चढली, नंतर उतरली. या चढाओढीची झळ प्राण्यांनाही लागली. ‘स्पायडर’ नावाच्या लोकप्रिय मॉर्फमध्ये रंगाबरोबर मज्जासंस्थेचा दोषही येतो. अशा सापाचे डोके थरथरते, त्याला तोल सांभाळता येत नाही. दोष ठाऊक असूनही त्याची पैदास वर्षानुवर्षे चालू राहिली.

या बाजारातही लबाडी आहेच. इंडोनेशियातून ‘बंदिवासात जन्मलेले’ म्हणून निर्यात होणाऱ्या हिरव्या अजगरांपैकी किमान ८० टक्के प्रत्यक्षात जंगलातून पकडलेले होते, असे लायन्स व नातुश या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते : तेथे अखेरचा ग्राहक अस्तित्वात असतो. तो साप घरी नेतो, काचेच्या पेटीत ठेवतो, त्याला उंदीर घालतो. किंमत कितीही अवाजवी असली तरी ती कोणीतरी खरोखर मोजलेली असते आणि पुरवठा वाढला की ती उतरते.

या पार्श्वभूमीवर एक वस्तुस्थिती लक्षात घेण्याजोगी आहे. मांडूळ हा सापही परदेशांतील छंदिष्टांकडे आहे. तेथे त्याची बंदिवासात पैदास होते आणि तो काहीशे डॉलरांच्या आत-बाहेर मिळतो. आपल्याकडील दलाल ज्या ‘आंतरराष्ट्रीय बाजाराचा’ हवाला देऊन कोटींचे आकडे सांगतात, त्या बाजारात या प्राण्याची किंमत एखाद्या बऱ्या मोबाइल फोनइतकी आहे.

जेथे किंमत वजनावरून ठरते

मग येथील किंमत कशावर उभी आहे? तिच्या मुळाशी काही समजुती आहेत. मांडूळ घरात असल्यास लक्ष्मी येते. त्याच्या साहाय्याने गुप्तधन सापडते. मांत्रिकाच्या विधीत त्याचा वापर केल्यास पैशांचा पाऊस पडतो. त्यापासून कर्करोगावर किंवा एड्सवर औषध बनते. ते कामोत्तेजक असते. यांपैकी कोणत्याही समजुतीस वैद्यकीय वा अन्य आधार नाही. यांतील औषधांच्या कथा अर्थातच अलीकडच्या आहेत, कारण एड्स हा रोगच १९८० च्या दशकात ज्ञात झाला. जुन्या धनरक्षक नागाच्या कल्पनेला आधुनिक प्रयोगशाळेची जोड देऊन ही नवी लोककथा तयार झाली आहे. मांत्रिकावर विश्वास नसलेला सुशिक्षितही ‘परदेशी औषध कंपनी’ या शब्दांपुढे नमतो, हे तिच्या यशाचे गमक होय.

व्यवहाराची रीत सर्वत्र सारखी दिसते. शेतात काम करणाऱ्या वा गुरे राखणाऱ्या एखाद्यास साप सापडतो. तो कोणा ओळखीच्याला सांगतो. तो दलालाला सांगतो. दलाल ‘पार्टी’ शोधतो. या भाषेत पार्टी म्हणजे अखेरचा श्रीमंत खरेदीदार, जो नेहमी मुंबईला, हैदराबादला किंवा दुबईला असतो आणि ज्याला साखळीतील कोणीही पाहिलेले नसते. भाव वजनावर सांगितला जातो. किलोपर्यंत काही नाही, दोन किलोच्या वर इतके लाख, तीन किलोच्या वर इतके कोटी, अशी ती चढती श्रेणी असते.

वजनाची ही अट वरवर पाहता विचित्र, परंतु विचारांती फार चतुर आहे. मांडुळाची लांबी सामान्यतः पाऊण ते एक मीटर असते. तीन-चार किलो वजन बहुसंख्य मांडुळांना गाठता येण्याजोगे नाही. त्यामुळे हाती असलेला साप जवळजवळ नेहमीच ‘थोडा कमी’ भरतो. व्यवहार फिसकटला तर दोष किमतीचा नसतो, सापाचा असतो. म्हणजेच ही किंमत खोटी असल्याचे सिद्ध होण्याची संधीच अटीने काढून घेतलेली असते. सिद्धान्त खोटा ठरविता येत नसेल तर तो विज्ञानाचा सिद्धान्त नव्हे, हे कार्ल पॉपर यांचे म्हणणे विज्ञान शाखेत शिकविले जाते. त्याचे इतके घरगुती उदाहरण क्वचित मिळेल.

सापाचे हाल येथूनच सुरू होतात. वजन वाढविण्यासाठी त्याला जबरदस्तीने खाऊ घालणे, एवढेच नव्हे तर तोंडावाटे शिशाचे वा लोखंडाचे छर्रे ढकलणे, असे प्रकार उघडकीस आलेले आहेत. वजन वाढते, आतडी फाटून साप मरतो. दलालाच्या लेखी तो केवळ बिघडलेला माल असतो.

जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारगाड्यांच्या बाजारावर लिहिलेला निबंध अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांच्या परिचयाचा आहे. त्या कार्यासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. विकणाऱ्याला मालाचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात, आणि त्यामुळे चांगला माल बाजारातून हद्दपार होतो, असे त्यांनी दाखविले. मांडुळाच्या बाजारात हे अज्ञान एकतर्फी नाही, दुतर्फी आहे. घेणाऱ्याला मालाचे गुण ठाऊक नाहीत आणि विकणाऱ्यालाही नाहीत. कारण ते गुण मुळात नाहीतच. प्रत्येकजण आपल्यापुढील माणूस अधिक पैसे देईल, या एकाच भरवशावर पैसे गुंतवतो. १६३७ मध्ये हॉलंडमध्ये ट्यूलिपच्या कंदांचे भाव कोसळले ते असा पुढचा माणूस मिळेनासा झाला तेव्हा. परंतु ट्यूलिपचा लिलाव उघड्यावर होत असे आणि बोलीला प्रतिसाद न मिळाल्याची बातमी गावोगाव पोचली. मांडुळाचा सौदा गुप्त असतो. फसलेला मनुष्य तक्रार करू शकत नाही, कारण तक्रार म्हणजे स्वतःच्या गुन्ह्याची कबुली. त्यामुळे अपयशाची वार्ता बाजारात पोचत नाही आणि फुगा फुटत नाही. कायद्याने लादलेली गुप्तता ही फसवणाऱ्याची ढाल बनते, हा या प्रकरणातील सर्वांत अवघड पेच आहे.

प्रत्यक्षात पैसा कोठे फिरतो, असे विचारल्यास तो सापाच्या विक्रीत फारसा फिरत नाही. तो इसारात फिरतो, ‘टेस्टिंग’च्या खर्चात फिरतो, पार्टीला आणण्यासाठी ठेवलेल्या मोटारीच्या व लॉजच्या बिलात फिरतो. कधी नोटांच्या बंडलात वर-खाली खऱ्या नोटा आणि मध्ये कोरे कागद असतात. कधी सौद्याच्या जागी मारहाण करून रक्कम हिसकावली जाते. तांदूळ ओढून घेणाऱ्या तांब्याच्या भांड्याची, म्हणजे ‘राईस पुलर’ची फसवणूक नेमकी याच साच्याची आहे. तेथेही परदेशी संस्था, तपासणीचे शुल्क आणि न दिसणारा ग्राहक हेच तीन खांब असतात. फरक इतकाच की भांड्याला जीव नसतो.

जिल्ह्याची पार्श्वभूमी

अशा अफवा कोठेही उगवतात. पण कोठे अधिक रुजतात, याला कारणे असतात. बुलढाणा हा पश्चिम विदर्भातील कोरडवाहू जिल्हा. २००६ मध्ये केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम व वर्धा यांच्यासमवेत बुलढाण्याचा समावेश होता. उत्तरेकडील पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तेथे विहिरीचे पाणी पिकास चालत नाही आणि शेतकऱ्याची सारी भिस्त आभाळावर असते. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला होणाऱ्या घटमांडणीच्या भाकितांकडे दूरदूरचे शेतकरी लक्ष लावून असतात, त्यामागे हीच अनिश्चितता आहे. ते भाकीत खरे-खोटे कसेही ठरो, ऐकणाऱ्याला त्याचे पैसे पडत नाहीत. मांडुळाच्या भाकिताचे पडतात. कर्जाचा बोजा एका व्यवहारात उतरेल, ही आशा हंगामाच्या हिशेबात न बसणाऱ्या माणसालाच सर्वाधिक पटते. त्याला केवळ अंधश्रद्ध म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल.

दुसरे कारण ऐतिहासिक आहे. सिंदखेड राजा येथील जाधवांचे वाडे व समाधी, लोणारच्या विवराभोवतीची मंदिरे, मेहकरचे जुने अवशेष यांमुळे ‘जमिनीखाली काहीतरी आहे’ ही भावना या भागात पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. आणि ती अगदीच निराधार नाही. २०२४ मध्ये सिंदखेड राजा येथे लखुजी जाधवांच्या समाधीच्या परिसरात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या उत्खननात शेषशायी विष्णूची भव्य मूर्ती खरोखरीच सापडली. संशोधकास त्या शिल्पात मूर्तिकलेचा इतिहास दिसतो. गुप्तधनाच्या मागे लागलेल्याला शेषनाग दिसतो आणि त्याची खात्री वाढते. येथे एक कायदेशीर बाब सहसा कोणी सांगत नाही. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. म्हणजे मांडुळाने गुप्तधन दाखविलेच, तरी ते गुपचूप घरी नेता येणार नाही.

तिसरे कारण दळणवळणाचे. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही मुंबई-नागपूर लोहमार्गावरील स्थानके. मेहकर व सिंदखेड राजा परिसरातून समृद्धी महामार्ग जातो. जळगाव, जालना, अकोला व मध्य प्रदेश यांच्या सीमा जिल्ह्यास भिडलेल्या. पार्टी आज येथे, उद्या सीमेपलीकडे, हे सांगणे दलालास सोपे जाते.

कायदा, वृत्तपत्रे आणि आकडे

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये मांडूळ हा संरक्षित प्राणी आहे. पूर्वी तो चौथ्या अनुसूचीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने जुन्या सहा अनुसूचींच्या जागी चार अनुसूचींची नवी रचना आली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. सर्वसाधारण उल्लंघनासाठी दंडाची मर्यादा २५ हजारांवरून एक लाख रुपयांवर नेण्यात आली असून तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या बाबतीत तो तीन ते सात वर्षांचा असतो. या अधिनियमात शिकारीच्या व्याख्येत प्राणी पकडणेही येते. त्यामुळे ‘विकला नव्हता, नुसता ठेवला होता’ हा बचाव टिकत नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाचे नियंत्रण आहे. जादूटोण्याच्या अंगाने पाहता, महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

परदेशी सापांची गोष्ट वेगळी आहे. बॉल पायथनसारख्या प्राण्यांच्या नोंदणीसाठी २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्वतंत्र नियम केले आणि धारकांना ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंद करणे आवश्यक ठरले. तस्करी थांबली आहे असे नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या पाकिटांतून नऊ बॉल पायथन व दोन कॉर्न स्नेक निघाले होते. तथापि परदेशी साप नोंदणीसह पाळता येतो, देशी साप मुळीच पाळता येत नाही, हा भेद सामान्य माणसास ठाऊक नसतो. आणि शहरातील एखाद्याच्या घरी कायदेशीर अजगर पाहिलेला तरुण मांडूळही तसेच ठेवता येईल असे समजतो.

वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन सोसायटीच्या भारतीय शाखेने २०१६ ते २०२१ या काळातील मांडूळ जप्तीच्या बातम्यांचा अभ्यास केला. तीत १८ राज्ये व एक केंद्रशासित प्रदेश मिळून १७२ घटना आढळल्या. त्यांपैकी ५९ एकट्या महाराष्ट्रातील होत्या आणि दुसऱ्या क्रमांकावरील उत्तर प्रदेशात ३३. २०२१ या एका वर्षात यू-ट्यूबवर मांडूळ विक्रीशी संबंधित २०० चित्रफिती आढळल्याचेही त्यात नमूद आहे. बातम्यांत आलेल्या घटना या प्रत्यक्षातील घटनांचा एक अंश असतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत मांडूळ आता ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ या वर्गात आहे. फ्रँक कूरशाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये असे मांडले की, प्राणी दुर्मिळ झाला की माणूस त्याची किंमत वाढवतो आणि वाढलेली किंमत त्याला आणखी दुर्मिळ करते. मांडुळाच्या बाबतीत हे चक्र उलट्या टोकाकडून सुरू झाले. ते दुर्मिळ होते म्हणून महाग झाले नाही. महाग म्हटले गेले म्हणून दुर्मिळ होऊ लागले.

या चक्राला सर्वाधिक गती कोणी दिली असेल तर ती छापील आकड्याने. ‘आंतरराष्ट्रीय बाजारात अमुक कोटी किमतीचे मांडूळ जप्त’ हा मथळा वाचकांच्या परिचयाचा आहे. तो आकडा येतो कोठून? आरोपीने वा खबऱ्याने सांगितलेला भाव पंचनाम्यात मुद्देमालाची किंमत म्हणून लिहिला जातो, तेथून तो वार्ताहराकडे जातो आणि छापून आल्यावर त्याला प्रमाणपत्राचे रूप येते. पुढच्या सौद्यात दलाल तेच कात्रण, आता मोबाइलवरील छायाचित्राच्या रूपात, पुरावा म्हणून दाखवतो. ‘पोलिसांनीच लिहिले आहे’ यापुढे शंका उरत नाही. वस्तुतः वन्यजीव कायद्यातील शिक्षा प्राण्याच्या बाजारभावावर अवलंबून नसते आणि ज्या प्राण्याची विक्रीच कायद्यास मान्य नाही त्याला कायदेशीर बाजारभाव असूही शकत नाही. तेव्हा हा आकडा लिहिला नाही तरी खटल्याचे काही अडत नाही. आणखी एक गंमत अशी की, अशा बहुतेक कारवायांत वनखाते वा पोलीस बनावट गिऱ्हाईक पाठवून सापळा रचतात. मांडूळ घेण्यासाठी ठरलेल्या जागी प्रत्यक्ष येऊन उभा राहणारा ग्राहक पुष्कळदा सरकारीच असतो, हे बातमीत ठळकपणे आले तर भावाबद्दलचा गैरसमज दूर होण्यास बरीच मदत होईल.

महाविद्यालयीन अध्ययनाच्या दृष्टीने

जिल्ह्यातील महाविद्यालयांत प्राणिशास्त्र व अर्थशास्त्र असे दोन्ही विभाग एकाच छताखाली असतात, पण मांडुळाचा प्रश्न दोघांच्या मधल्या पडवीत पडून राहतो. प्राणिशास्त्राच्या तासाला मांडूळ बिनविषारी असल्याचे सांगितले जाते. त्याची बाजारातील किंमत हा विषय मात्र तेथे निघत नाही, आणि विद्यार्थी ती गावातून ऐकून आलेला असतो. अर्थशास्त्राच्या तासाला सट्टा व फुगा शिकवताना ट्यूलिपचे उदाहरण दिले जाते, बांधावरचे दिले जात नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मांडुळावर बोलावयाचे असेल, तर केवळ ‘अंधश्रद्धा सोडा’ असे सांगण्यापेक्षा एक साधा प्रश्न विचारणे अधिक परिणामकारक ठरेल : हा साप विकून श्रीमंत झालेला एक तरी माणूस, नाव-गावासह, कोणी पाहिला आहे काय?

क्षेत्रीय सर्वेक्षणाच्या बाबतीत मात्र एक काळजी घ्यावी लागेल. ब्रायन स्टुअर्ट व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात असे निदर्शनास आणले की, एखाद्या प्रजातीचे शास्त्रीय वर्णन व ठिकाण प्रसिद्ध होताच व्यापारी तेथे पोचतात. इंडोनेशियातील रोटी बेटावरील लांब मानेच्या कासवाला १९९४ मध्ये स्वतंत्र प्रजातीचा दर्जा मिळाला आणि त्यानंतर पाळीव प्राण्यांच्या व्यापारासाठी त्याची इतकी पकड झाली की ते नष्टप्राय झाले. बुलढाण्यातील सापांची सूची तयार करणाऱ्या संशोधकाने मांडुळाच्या नोंदीपुढे गाव, शिवार वा गट क्रमांक देऊ नये. तालुक्याचे नाव पुरेसे आहे. अचूक ठिकाण वनविभागाच्या दप्तरी बंद पाकिटात द्यावे आणि प्रबंधाच्या परिशिष्टात साप हातात धरलेले, वजनकाट्यावर ठेवलेले छायाचित्र टाळावे.